जुनी गाडी सारखी कूलंट, ऑइल, ब्रेक फ्लुइड मागतेय? ओतण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. यांतलं एखादं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पुढचं वाचा.

- गोव्यात चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत उभं असताना टेंपरेचरचा काटा चढतो आणि गाडी चालू लागली की उतरतो.
- चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना काटा वर जातो आणि माथ्यावर सपाटी आली तरी लवकर खाली येत नाही.
- कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली दर पंधरवड्याला 'लो'च्या खाली जाते, पण गाडीखाली डाग नसतो.
- सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर येतो.
- ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, पिवळट थर जमतो.
- घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडतं किंवा नेहमीपेक्षा खोल जातं.
- थंड गाडीत दुसरा गिअर अडतो, गरम झाल्यावर बसतो.
- गाडी लावताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं की कण्हल्यासारखा आवाज येतो.

डिचोली, सांखळी, वाळपईच्या बाजूला मारुती ८००, झेन, ओम्नी, सँट्रो अजून रोज धावतात. घरच्या आणि ओळखीच्यांच्या अशा गाड्यांत मी हीच दुखणी वर्षानुवर्षं काढत आलोय. गाडीवाला येतो तेव्हा त्याने बहुतेक वेळा दोन-तीन वेळा काहीतरी ओतलेलं असतं, आणि काय ओतलं ते त्याला आठवत नसतं. म्हणून एक गोष्ट आधी समजून घ्या. कूलंट बंद फेऱ्यात फिरतं, ते जळत नाही. ते कमी झालं म्हणजे गळून किंवा वाफेने बाहेर गेलं, नाहीतर इंजिनाच्या आत, सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये, शिरलं. ब्रेक फ्लुइडचंही तसंच, फक्त त्याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो. इंजिन ऑइल मात्र जुन्या इंजिनात थोडंफार जळतं आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं. कुठली पातळी खाली गेली यावरून घाई किती करायची ते ठरतं.

फुकटातल्या तपासण्या

गाडीचं पुस्तक शोधा. नसेल तर त्याच मॉडेलच्या, त्याच सालाच्या गाडीचं मिळवा. 'मारुती ८००' एवढ्यावर भागत नाही, कारण कार्ब्युरेटरवाली आणि नंतरची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली) या वेगळ्या गाड्या आहेत. पुस्तकातून चार गोष्टी कागदावर उतरवून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा: इंजिन ऑइलचा ग्रेड (म्हणजे जाडी), गिअर ऑइलचा ग्रेड आणि त्याचा जीएल क्रमांक (गिअर ऑइलचा वर्ग), ब्रेक फ्लुइडचा डॉट क्रमांक (त्याचा वर्ग), कूलंटचा प्रकार. दुकानात 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं सांगून जे पुढे सरकवतात, ते या कागदाशी ताडून मगच घ्या.

मग पातळी नीट मोजा. आपल्याकडे घरापुढची जागा बहुधा उताराची, त्यामुळे तिथे काढलेली डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) खोटं सांगते. गाडी सपाट जागी घ्या, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत घाला आणि मग वाचा. कूलंट मात्र इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळीच बघायचं. बाटलीवर विसंबू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय. थंड गाडीत रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा, कूलंट तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. गरम असताना ते झाकण उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवा आणि चाकांच्या जागा खुणेने दाखवा. सकाळी डाग वाचा. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, बोटाला किंचित चिकट आणि गोडसर वासाचा डाग कूलंटचा. काळा-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. जाड, पिवळट आणि गंधकासारख्या उग्र वासाचा असेल तर गिअर ऑइल. लालसर डाग पुढे, स्टीअरिंगच्या बाजूला असेल तर बहुधा पॉवर स्टीअरिंगचं. चाकाच्या आतल्या बाजूला जवळजवळ पारदर्शक आणि बुळबुळीत काही दिसलं तर ते ब्रेक फ्लुइड समजा आणि गाडी तिथेच राहू द्या. डाव्या बाजूला पुढे पडणारं स्वच्छ, वास नसलेलं पाणी एसीचं असतं. आपल्या दमट हवेत ते भरपूर पडतं, त्यासाठी कुठे जायची गरज नाही.

ओम्नीवाल्यांनी एवढ्यावर थांबू नये. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने छोटी गळती गरम भागावरच सुकते आणि कागदावर काहीच उतरत नाही. सीट उचलून टॉर्चने बघा.

कूलंट: काही शे रुपयांत सुटणारं दुखणं

इथे मी जास्त वेळ घालवतो, कारण जुन्या गाडीचं इंजिन मरतं ते बहुतेक याच वाटेने.

पहिला संशय रेडिएटरच्या झाकणावर घ्या. ते नुसतं झाकण नसून दाबाचा वॉल्व्ह आहे. लहान गाड्यांच्या झाकणावर बहुधा ०.९ (बार, म्हणजे दाबाचं माप) असा आकडा कोरलेला असतो. साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, तेच ०.९ च्या दाबाखाली ११८ च्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. झाकणाची स्प्रिंग थकली किंवा रबर चिरलं की हा फायदा गेला. मग कूलंट बाटलीत ढकललं जातं आणि तिथून वाफेने उडतं. झाकणात आणखी एक छोटा वॉल्व्ह असतो, गाडी थंड होताना तो बाटलीतलं कूलंट परत ओढू देतो. तो अडकला तर बाटली भरत जाते, रेडिएटर रिकामा होत जातो आणि थंड गाडीचा वरचा पाईप चपटा पडलेला दिसतो. चपटा पाईप दिसला तर पुढचं काही न तपासता आधी झाकण बदला. नवीन घेताना आकडा जुन्यासारखाच हवा. जास्त दाबाचं झाकण 'चांगलं' म्हणून लावलं तर जुना रेडिएटर किंवा हीटरचा पाईप फुटतो.

त्यानंतर पाईप आणि क्लॅम्प. थंड गाडीत पाईप दाबून बघा. टोकाशी फुगलेला, कडक झालेला किंवा दाबल्यावर चिरा दाखवणारा पाईप बदलायचा. क्लॅम्पभोवती पांढरट किंवा हिरवट खपली असेल तर तिथून पाझर आहे. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. सीलचं काम मेस्त्रीकडे द्या. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी टायमिंग बेल्ट काढावा लागतो.

उभ्या गाडीत काटा चढतो आणि चालत्या गाडीत उतरतो, तेव्हा पातळी बरोबर असेल तर पंख्याकडे बघा. इंजिन गरम होऊ द्या आणि पंखा आपोआप लागतो का ते पाहा. बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की पंखा लगेच फिरायला हवा. एसीवर फिरतो पण नुसत्या तापलेल्या इंजिनावर फिरत नसेल, तर संशय पंख्याच्या स्विचवर किंवा सेन्सरवर. चढावर तापणारी गाडी वेगळी. तिथे रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो, किंवा बाहेरून जाळीत लाल माती आणि किडे भरलेले असतात. खाणीच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. बाहेरची जाळी इंजिनाच्या बाजूने, हलक्या धारेने धुवा. जोरदार प्रेशरने तिच्या पातळ पट्ट्या दुमडतात.

आता पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं, आत जांभ्याच्या भागात त्यात लोह असतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन. तिन्ही रेडिएटरला वाईट. क्षारांचा थर बसतो, अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) आतून खाल्लं जातं. घाटात अडकलात तर जे पाणी मिळेल ते ओता, पण घरी आल्यावर ते काढून टाका. कूलंट घट्ट मिळत असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करा, तयार मिश्रण मिळत असेल तर त्यात काही घालू नका. घट्ट कूलंट तसंच ओतणारेही भेटतात. त्याने गाडी जास्त तापते, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. 'गोव्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला' हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. आपल्याला ते हवं असतं गंज रोखायला आणि उकळबिंदू वर न्यायला.

रंगावरून प्रकार ओळखू नका. हिरवं म्हणजे जुन्या पद्धतीचं, गुलाबी म्हणजे दीर्घकाळ टिकणारं, असा सर्वसाधारण समज आहे, पण रंगाला कुठलाही सक्तीचा नियम नाही. दोन जातींचं मिश्रण झालं की गंजरोधक द्रव्यं एकमेकांना मारतात आणि कधी कधी चिकट साका बसतो. आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढा, डिस्टिल्ड पाणी फिरवून स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि एकाच जातीचं भरा. भरताना हीटरची कळ पूर्ण 'गरम'वर ठेवा, नाहीतर आत हवा अडकते आणि ती हवा पुन्हा तापण्याचं कारण होते.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून टाकलेल्या जुन्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. 'गरम हवेत लागत नाही' असं सांगून ते काढलं जातं. माझं मत याच्या ठाम विरोधात आहे. इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, ऑइलमधला ओलावा उडत नाही, गाळ धरतो आणि पेट्रोल जास्त जातं. बिघडला असेल तर नवीन बसवा.

इंजिन ऑइल

आपल्याकडचं हवामान थंड नाही, त्यामुळे ग्रेडमधला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा इथे फार मोलाचा नाही. नंतरचा आकडा गरम इंजिनातली जाडी सांगतो, तो बघा. पुस्तकात २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असेल तर तेच घाला. नव्या गाड्यांचं ०डब्ल्यू-२० झिजलेल्या इंजिनात फार पातळ पडतं. उलट टोकाला जाऊन खूप जाड ऑइल घालून धूर आणि आवाज दाबायचा उपायही चुकीचा. त्याने झीज थांबत नाही, आणि स्टार्टनंतर वरच्या भागात ऑइल पोचायला उशीर लागतो. पेट्रोल गाडीला एपीआयचा (ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचा) 'एस'ने सुरू होणारा वर्ग, डिझेलला 'सी'ने सुरू होणारा. पद्मिनी, अँबेसेडरसारख्या गाड्यांचे मालक नव्या ऑइलमध्ये झीज रोखणारं जस्त-फॉस्फरस कमी असल्याची काळजी करतात. फॉस्फरसवरची मर्यादा नंतरचा आकडा ३० किंवा त्याखाली असलेल्या पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-४० सारख्या जाड ग्रेडना ती लागू नाही. मोटरसायकलचं उरलेलं ऑइल गाडीत रिचवू नका.

पातळी घटत असेल तर एक टाकी पेट्रोलला किती घटते ते लिहून ठेवा. हजार किलोमीटरला पाव लिटरपर्यंत घट असेल तर जुन्या इंजिनाला मी तसंच चालू देतो, फक्त दर रविवारी पट्टी बघतो. त्याहून जास्त असेल तर आधी पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारा) आणि त्याचा पाईप साफ करा. तो चोंदला की आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो, आणि लोक उगाच सगळी सीलं बदलत बसतात. धूर फक्त पहिल्या स्टार्टला असेल तर वॉल्व्ह सील. अॅक्सिलरेटर दाबताना सतत निळा असेल तर पिस्टन रिंग, आणि ते इंजिन उघडण्याचं काम आहे.

झाकणाखालचा दुधाळ थर पावसाळ्यात पुष्कळांना घाबरवतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीत असा थर नुसत्या ओलाव्याने धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी हलत नसेल तर थर पुसा, गाडी म्हापसा-मडगाव अशी लांब फिरवून आणा आणि पुन्हा बघा. डिपस्टिकवरही दूध दिसलं तर इंजिन सुरूच करू नका.

पट्टीवरची पातळी वाढली असेल तर ते घटण्यापेक्षा गंभीर. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल आणि गाडी कार्ब्युरेटरवाली असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. गाडी बंद ठेवा आणि मेस्त्रीला घरी बोलवा.

ब्रेक फ्लुइड

हे हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, ओलावा शोषल्यावर ती हमी १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. करमळ घाटात किंवा चोर्ला उतरताना सतत ब्रेक दाबत आलात की जुनं, पाणी प्यालेलं फ्लुइड उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल खाली बसतं. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली तरी दोन वर्षांनी फ्लुइड बदला. मी ते पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करतो.

पुस्तकात डॉट ३ असेल तर डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांत मिसळत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. छोटी सीलबंद बाटली घ्या. गेल्या वर्षी उघडलेली, फळीवर ठेवलेली बाटली निकामी समजा.

अपवाद म्हटला होता तो हा: ब्रेक पॅड झिजत जातात तशी फ्लुइडची पातळी हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने खाली येते. म्हणून ओतण्याआधी पॅड बघा. आधी ओतलं आणि नंतर नवे पॅड बसवले तर फ्लुइड वर येऊन सांडतं आणि रंग उडवतं. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी खाली गेली, तर गळती आहे. मागच्या चाकाची आतली बाजू ओली असेल तर व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग). बाहेर कुठेच ओलं नाही पण पेडल एकसारखं दाबून धरलं की सावकाश खाली जातं, तर मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा ब्रेकचा मुख्य पंप). दोन्ही बाबतींत गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंगचं ऑइल पडलं असेल, अगदी चमचाभर, तरी पेडल दाबू नका. खनिज तेलाने आतली रबरं फुगतात. न दाबता टो करून नेलीत तर नुकसान टाकीपुरतं राहू शकतं.

गिअर आणि स्टीअरिंग

थंड गाडीत गिअर अडत असेल तर गिअरबॉक्समध्ये कोणी जीएल-५ घातलंय का विचारा. आकडा मोठा म्हणून ते चांगलं समजलं जातं, पण त्यातली द्रव्यं काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मारक ठरतात. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४च. ओम्नी, अँबेसेडरच्या मागच्या डिफरन्शियलची (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीची) गोष्ट निराळी, तिथे बहुधा जीएल-५ लागतं. पावसात गाडी अॅक्सलपर्यंतच्या पाण्यातून गेली असेल तर या दोन्ही ठिकाणचं ऑइल थोडं काढून रंग बघा. दुधाळ असेल तर त्याच आठवड्यात बदला.

कण्हणाऱ्या स्टीअरिंगसाठी त्याच्या ऑइलची टाकी बघा. पॉवर स्टीअरिंगमध्ये काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना कंपनीचं वेगळं. टाकीच्या झाकणावर बहुधा लिहिलेलं असतं.

इथे हात थांबवा

कूलंट जातंय, बाहेर ओलं कुठेच नाही, सायलेन्सरमधून गरम इंजिनातही गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात: हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय. गाडी बंद ठेवा. गळती बुजवणारी पावडर टाकू नका, ती हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. काटा लाल रेषेत गेला, ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, किंवा पेडल जमिनीला टेकलं, तर बाजूला घ्या आणि टो बोलवा. अर्ध्या तासाने काटा उतरला म्हणून पुढे निघालात तर हेड वाकतं, आणि शेकड्यांतलं काम हजारांत जातं.

काढलेलं कूलंट झाकणबंद डब्यात ठेवा. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. जुनं ऑइल गटारात किंवा माडाच्या बुंध्याशी ओतू नका, आपल्या विहिरी तिथूनच भरतात. गॅरेजवाले ते जमा करून भंगारवाल्याकडे देतात, त्यांच्याकडे नेऊन द्या.

मेस्त्रीकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: काय कमी होतं, किती किलोमीटरला किती, थंड असताना की गरम, आणि आतापर्यंत त्यात काय काय ओतलंय. शेवटची आठवत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मग तो आधी सगळं काढून धुईल आणि तिथून सुरुवात करील.